तवंग दिसल्यास कळवणे

३ जून
आले एकदाची! लाफायेतहून गाडी हाकत निघाले ती थेट रस्ता संपेपर्यंत. इथून पुढे नुसतं बायूचं, म्हणजे इथल्या दलदलीतल्या खाडीचं, संथ पाणी आणि गवत. खोली मिस अर्लीनकडे मिळाली; इथे मोठ्या बायकांना सरसकट मिसच म्हणतात. पासष्टीच्या विधवा, पण अजून स्वतः होडी काढतात. आमच्या कंपनीच्या तेलटाक्यांच्या खालच्या अंगाला बायूतच त्यांची कालवांची शेती आहे. आल्या आल्या कोळंबी-भात वाढला आणि म्हणाल्या, खा गं, एवढ्याशा हाडांकडून कंपनी काय काम घेणार? काम मात्र मनासारखं आहे. तेलाच्या टाक्या, भोवती मातीचा बांध, आणि काही फुटलं तरी तेल बांधाबाहेर जाऊ नये याची योजना लिहून ती पाळून घेणं माझ्याकडे. साहेब कर्टिस ड्युफ्रेन गमत्या आहे. टोपी देताना म्हणाला, आता काही सांडलं की तुझ्या नावाने बोंब मारायची.

६ जून
बांधात साचलेलं पावसाचं पाणी सोडायला खाली एक व्हॉल्व्ह आहे. तो कायम बंद आणि कुलपात हवा. आधी पाणी बघायचं, तवंग नसेल तरच सोडायचं. आज बघते तर व्हॉल्व्ह सताड उघडा, कुलूप गंजून लोंबतंय. कर्टिसला धारेवर धरलं तर तो हसायलाच लागला. म्हणे, अगं बाई, पाणी साचलं की डास होतात, आणि डास काही तुझी योजना वाचत नाहीत. मला हसू आलं नाही. नवं कुलूप आणून मी स्वतः घातलं.

१२ जून
अंगाचा तिळपापड झालाय. दोन दिवस पाऊस कोसळत होता. आज पाहिलं तर माझं कुलूप कापलेलं, एका टाकीचा सांधा पाझरतोय, आणि बाहेरच्या चरात निळा-जांभळा तवंग बायूकडे निघालाय. कायदा सरळ आहे: तवंग दिसला की ताबडतोब तटरक्षक दलाला फोन. मी फोन काढला, तर कर्टिसने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, मंगळवारी तपासनीस येतोय, पोरी. जबाबदार म्हणून कागदावर नाव तुझं आहे, नोकरी आधी तुझी जाईल. मग गाडीतून भांडी घासायच्या साबणाची बाटली आणून त्याने पिचकाऱ्या मारल्या. तवंग आक्रसला आणि खाली गेला. साबणाने तेल जात नाही, नुसतं बुडतं, आणि तळाशी कालवं असतात, हे मी त्याला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, दिसत नाही ना? मग नाही.
एक कोपरा राहिला होता. त्याने बाटली माझ्या हातात दिली. मी पिचकारी मारली. लिहायची लाज वाटते, पण मारली.

१४ जून
कॉफीवर तवंग. वाटलं, माझेच हात तेलकट असतील. कप घासला, पुन्हा ओतली, पुन्हा तवंग. तोंड धुवायला ओंजळ भरली, तर ओंजळीतही. बोटाने बाजूला सारला. तो बोटाला वळसा घालून परत आला.

१८ जून
तपासनीस येऊन गेला. चरात डोकावला, पाणी नितळ होतं. माझ्या योजनेचं कौतुक केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कर्टिस सगळा वेळ गॉगल काढेना. तपासनीस गेल्यावर काढला. त्याच्या बुबुळांवरून निळा-जांभळा थर सरकत होता. घाबरून विचारत होता, काही दिसतंय का. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दिसत नाही. मग नाही.

२० जून
मिस अर्लीननी दुपारी कालवं फोडली. शिंपल्यांच्या आत रंग हलत होते. मी हिसकावेपर्यंत त्यांनी एक गिळलंसुद्धा. वर मलाच म्हणाल्या, माझ्या घरात माझ्या तोंडचा घास काढतेस? संध्याकाळपासून खोकताहेत.

२१ जून
भर दुपारी कर्टिस बांधातल्या पाण्यात उघडा उभा. साबण चोळतोय, कातडी सोलवटली तरी चोळतोय. ओरडत होता, दाबलं की आत जातं, आणखी आत जातं. मी माणसं बोलवायला धावले. परत आले तर नुसते बूट. शेरीफच्या पोलिसांनी बांध उपसला, काही नाही. पाणी स्वच्छ. मेल्याने स्वतःचाही माग ठेवला नाही.

२२ जून
मिस अर्लीनच्या ओठांवर तवंग. छाती घरघरतेय. डॉक्टर म्हणतो, फुप्फुसं साफ दिसतात. दिसतात! सगळ्यांना फक्त दिसण्याशी —
नोकरी गेली खड्ड्यात. त्यांच्या उशाशी बसूनच तटरक्षक दलाला फोन लावते.

फोन लागलाय. होल्डवर ठेवलंय, वर गाणं लावलंय मेल्यांनी. तोवर लिहिते —
तिकडच्या बाईने विचारलं, तवंग केव्हा दिसला. खरं सांगितलं. मिस अर्लीनना उबळ आली, पातेल्यात रंगीत पाणी पडलं. कापलेलं कुलूप सांगितलं — उबळ. पाझर सांगितला — उबळ. श्वास मोकळा होतोय. सांगितलं की वर येतं —

साबण कोणी टाकला, विचारलं. म्हटलं, कर्टिस ड्युफ्रेनने.

पुन्हा होल्ड.
तवंग परत त्यांच्या ओठांवर. नाकावर. त्या निळ्या पडताहेत — अख्खी गोष्ट हवीय त्याला —

बाई आली. आणखी कोणी?
मी. नोएली ओथमाँ. शेवटचा कोपरा मी —

श्वास घेतला त्यांनी. मोठा. शिव्या देताहेत मला, पाणी मागताहेत —

माझ्या घशात काहीतरी — वर —
कागदावर पडलं. अक्षरं सरकताहेत. बाई विचारतेय, तवंग आत्ता नेमका कुठे दि