तीन तारखेपासून सुधारलो

३ तारीख, सोमवार
आज समेट बैठक झाली. ज्याची सायकल चोरली त्याच्यासमोर बसायचं, त्याचं ऐकायचं, माफी मागायची. मग कोर्ट शिक्षेचं जरा नरमाईने घेतं. समोर पोस्टमन. माझ्या बाजूने ताई. पोस्टमन म्हणाला, अकरा दिवस पायी टपाल वाटलं, गुडघा कामातून गेला. मी ढसाढसा रडलो. समन्वयक बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. पोस्टमनने हात मिळवला. येताना ताईला विचारलं, कसा बोललो? म्हणाली, रडलास छान.
निर्धार: सायकलीला हात लावणे नाही.

५ तारीख
निर्धारात किरकोळ दुरुस्ती. कुलूपवाल्या सायकलीला हात लावणे नाही. बिनकुलपाची, रस्ता अडवत असेल तरच, बाजूला करायची. ही समाजसेवा झाली.

११ तारीख
समन्वयक बाईंचा फोन. नव्या लोकांपुढे अनुभव सांगायचाय. विषय: 'मी पुन्हा गुन्हा का केला नाही'. भावोजी म्हणाले, अरे, आठवडाच तर झालाय. त्यांना कुणाचं चांगलं बघवत नाही.

१७ तारीख, सकाळी ९.४०
भाषण दहाला. शर्टाच्या इस्त्रीत वेळ गेला, बस चुकली. दवाखान्याबाहेर एक सायकल. बिनकुलपाची. रस्ता अडवत नव्हती, पण अडवू शकली असती.

दुपारी
भाषण झकास. दोघं रडले. सायकल जागेवर ठेवायला बाहेर आलो तर शेजारी हवालदार. त्याला शांतपणे समजावलं की ही चोरी नाही, उसनवारी आहे. म्हणाला, कुणाकडून उसनी घेतली? नाव माहीत नव्हतं.

१९ तारीख
सायकल एका नर्सबाईंची निघाली. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. ड्यूटी संपवून बाई चालत घरी गेल्या. पोचेपर्यंत आई पलंगावरून पडली होती. ऐकून फार वाईट वाटलं. पुढच्या भाषणात घ्यायला हवं.
बैठकीसाठी अर्ज दिला. माफी या वेळी लिहूनच काढली. दोन पानं. पहिलीपेक्षा कितीतरी सरस.

२६ तारीख
बैठक नाही. समन्वयक बाई म्हणाल्या, नर्सबाईंना तुम्हाला भेटायचं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. मी म्हटलं, मग मला पस्तावा झालाय हे त्यांना कळणार कसं? म्हणाल्या, त्यांना कळायलाच हवं असं नाही. भाषणंही बंद.
घरी आलो. ताई भाजी निवडत होती. म्हटलं, तू तरी ऐक. दोन्ही पानं वाचून दाखवली. तिने मान वर न करता विचारलं, यात नर्सबाई कुठे आहेत?
पुन्हा वाचून बघितलं. नव्हत्या.