कोणत्या ऑपरेटर?

४ जून
दहा इंग्रजी वाक्यांतले अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज ओळखायचे होते. सहा चुकले! लेक वही बघून हसली. "आई, नुसत्या ‘हू’खाली रेघ मारून भागत नाही गं. नामाला विचार — कोणता? कोणती? उत्तर संपेल तिथपर्यंत रेघ." पंचेचाळिसाव्या वर्षी दहावीला बसायची हौस माझीच!

६ जून
‘द डॉग दॅट बिट मी इज युवर्स.’ कोणता कुत्रा? मला चावला तो. जमलं!
कारखान्यात शिवतानाही डोक्यात तेच. जाऊबाईंना म्हटलं, "जी बाई शेजारच्या मशीनवर अखंड बडबडते — ती तुम्ही. झाला क्लॉज!" पोट धरून हसल्या. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच मला इथे चिकटवलं.

९ जून
कारखान्याच्या दारावर इंग्रजी नोटीस. कुणीतरी अडखळत वाचली — ‘ऑल ऑपरेटर्स’, म्हणजे आम्ही सगळ्यांनीच, सोमवारपासून येऊ नये. झालं! चाळीसही जणी मशीनं बंद करून गेटवर. मीही. मालक स्वतः खाली आला, घामाघूम. एवढी एकी इथे कधी पाहिली नव्हती.

१० जून
सकाळी नोटीस शांतपणे वाचली. ‘ऑल ऑपरेटर्स हू वेअर अ‍ॅबसेंट…’ कोणत्या ऑपरेटर? यंदा वीस दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिल्या त्या. ‘हू’च्या आधी स्वल्पविराम नाही — असता तर सगळ्याच. म्हणजे सगळ्या नाहीत!
मोठ्याने अर्थ सांगितला. टाळ्या पडल्या. कटिंगवाली गळ्यात पडली — "वाचवलंस बाई!" तासाभरात मशीनं सुरू.
नऊजणी गेटवरून हलल्या नाहीत. त्यांत जाऊबाई. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांचे सव्वीस दिवस बुडाले होते — ते माझ्या ध्यानातच आलं नाही! वाचताना नुसता क्लॉज दिसत होता.
"बरोबर वाचलंस गं," म्हणाल्या. बस, एवढंच.

११ जून
दिवसभर कॉलर शिवल्या. शेजारचं मशीन बंद. खिडकीतून गेट दिसतं, म्हणून पाठ करून बसले. चाळीसजणींना मालक घाबरला होता. नऊजणींना कोण विचारतो?
लेक म्हणाली, "पण आई, उत्तर बरोबरच होतं ना?"
होतं. पैकीच्या पैकी.

१२ जून
कामावर गेले नाही. गेटवर जाऊन जाऊबाईंपाशी उभी राहिले. त्यांनी सरकून जागा केली.