शांत होण्यासाठी फोडलेली सुपारी

फलटण,
मंगळवार

तीर्थस्वरूप लालासाहेब यांना, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे हंबीररावाचा, मान खाली घालून नमस्कार. (मान खाली घालण्याचं कारण नम्रता नाही. ते पुढे येईलच.) तुमचा मोतीबिंदूचा डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलेलं असताना तुम्ही गोठ्यात वाकता, असं कानावर आलं. ते बरं नाही. वहिनींचे गुडघे, थोरली म्हैस आणि औंधातला वारा, सगळं ठीक असावं. आमच्याकडे तुमच्या बहिणीची, अंबूबाईची, प्रकृती उत्तम आहे. ती माझ्याशी बोलत नसल्यामुळे तिच्या घशालाही आराम आहे. हे पत्र वहिनींकडून वाचून घेऊ नका, चांगल्या डोळ्याने सावकाश स्वतःच वाचा. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही "बोला दाजी" म्हणालात की माझ्या तोंडून हवापाणी निघतं आणि मुद्दा पोटातच राहतो.

तर मुद्दा पलूसचा. आमच्या नातवासाठी, शिवतेजसाठी, तुम्हीच ते स्थळ सुचवलं होतं: जोतीरामांची मुलगी स्वप्नाली, सांगलीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तुम्ही माझ्याबरोबर येणार होतात, पण डोळा आडवा आला. पोराचा बाप, आमचा नानासो, कारखान्याच्या हंगामात अडकलेला. मग मी एकट्यानेच जायचं ठरलं. तुम्ही मला तीनतीनदा सांगितलं होतं की घर बघा, माणसं बघा, चहा घ्या, शब्द देऊ नका. लालासाहेब, यमाईची शपथ घेऊन सांगतो, मी शब्द दिला नाही. शब्द दिला असता तर परत घेता तरी आला असता.

मी निघायच्या आधी तुमच्या बहिणीने धोक्याची सूचना दिली होती. "ह्यांला एकटं सोडू नगा," ती नानासोला म्हणाली, "घाबरलं की कविता म्हणत्यात." हे खरं आहे, आणि दोष माझा नाही. आमच्या गुरुजींनी सगळ्या कविता चालीवर शिकवल्या. साहेब तपासणीला आले की छातीत धडधडायचं, गुरुजी टेबलावर बोटांनी ठेका धरायचे आणि आम्ही सगळी पोरं एका सुरात सुरू व्हायचो. तेव्हापासून माझ्या छातीला आणि कवितेला एकच कळ आहे. (पुढे कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजताना गाडीवानांशी भांडण झालं की मी मनातल्या मनात नदीची कविता म्हणत असे. गाडीवानांना वाटे, साहेब हिशेब करतायत.) त्या पाठ्यपुस्तकाचा नवा करकरीत वास, त्यावर सांडलेल्या शाईचा, गुरुजींच्या कोटाला येणारा डांबरगोळीचा... पण मी भरकटलो.

वासावरूनच हे सगळं घडलं. शिवतेजची बहीण रेश्मा साताऱ्याला पार्लरचा कोर्स करते. तिने मोबाईलवर बघितलं की प्रवासाला जाताना एका छोट्या पिशवीत नटण्यामुरडण्याचं सगळं सामान बसतं आणि त्यातच मन शांत करणारे वास ठेवायचे असतात. तिने चेन लावायची, चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी पिशवी आणली. त्यात घडीचा कंगवा, मिशीची कात्री, दाढीचं छोटं यंत्र, नखं कापायचं यंत्र, गोल आरसा, एक पातळ रुमाल आणि बोटाच्या पेराएवढ्या तीन कुप्या बसवल्या: एक कसल्याशा जांभळ्या विलायती फुलाची, एक चंदनाची, एक वाळ्याची. विधी असा: धडधडायला लागलं की कुपीतला थेंब हाताच्या पाठीवर लावायचा, डोळे मिटायचे, सावकाश श्वास घ्यायचा आणि आवडती जागा आठवायची. मी शाळेचा व्हरांडा आठवून बघितला. फार छान वाटलं. पोरगी खूश झाली. तिने एवढं मन लावून काही केलं की नाही म्हणवत नाही.

पण माझ्यात सुधारणा करण्याची खोड आहे. जांभळं फूल मला फिनेलसारखं वाटलं, म्हणून ती कुपी काढून तिथे मी हिना अत्तराची कुपी ठेवली. आणि नखं कापायचं यंत्र काढून त्या जागी माझा छोटा पितळी अडकित्ता आणि दोन सुपाऱ्या. तुम्हाला माहीतच आहे, सुपारी कातरत बसलो की माझं चित्त थाऱ्यावर येतं. शांत करणाऱ्या सामानात तिचा हक्क पहिला, असं मला वाटलं. इथे माझी बुद्धी कुठे गेली होती, हे मला तेव्हापासून रोज विचारण्यात येतं.

दहिवडीच्या पुढे एसटीत माझं धडधडू लागलं. मी कुपी उघडली आणि खड्डा आला. अर्धी हिना सांडली, थोडी माझ्या धोतरावर, थोडी शेजारच्या म्हातारीच्या पदरावर. कंडक्टरबाई मागून चालत आल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "आजोबा, नवरदेव कुठाय? का तुमीच?" सगळी गाडी हसली. म्हातारीने मात्र पदर नाकाशी धरून डोळे मिटले आणि विट्यापर्यंत उघडले नाहीत. लाज झाकायला मी आरसा काढून मिशी नीट करायला घेतली. धावत्या एसटीत मिशी कापू नये, लालासाहेब. डावी बाजू गेली. मग उजवी तिच्या बरोबरीला आणली, तर ती जास्त गेली. विट्याच्या स्टँडवर उतरून बघतो तर ओठावर माशी बसल्यासारखी मिशी. अशा मिशीने मी स्थळ बघायला गेलो. (हे वहिनींना सांगू नका.)

जोतीरामांचं घर चांगलं आहे. अंगण सारवलेलं नाही, फरशीचं आहे, पण माणसं सारवलेल्या अंगणातली. जोतीराम, त्यांची म्हातारी आई रंगुबाई, आणि भावकीतले दोन वडीलधारे, फेटा बांधून. मला वाटलं होतं चहाला एकटेच असतील. पोरगी चहा घेऊन आली. सरळ बघणारी, सरळ बोलणारी. "आजोबा, साखर कमी घातलीय, चालंल का?" एवढंच म्हणाली. मला ती इतकी आवडली की छाती आणखीच धडधडू लागली आणि जिभेच्या टोकावर कविता येऊन उभी राहिली. अंबूबाईचा चेहरा आठवला. मी पिशवी काढली.

उरलेली हिना मी हाताच्या पाठीवर लावली आणि डोळे मिटून श्वास घेतला. डोळे उघडले तर जोतीराम माझ्या हाताकडे बघत होते. आता तुम्हीच सांगा, चारचौघांत बसून एकट्याने अत्तर लावणं हे शोभतं का? मी त्यांच्याही हाताला लावलं. मग फेटेवाले राहिले, ते वयाने मोठे, त्यांनाही लावलं. त्यांनी फेटे सारखे केले आणि पाठ ताठ केली. ते बघून मी इतका बावचळलो की हात आपोआप पिशवीत गेला. अडकित्त्यात सुपारी धरली आणि दाबली. कट्ट असा आवाज झाला. रीतीप्रमाणे (कसली रीत, सवयच ती) पहिलं खांड मी समोरच्याला, म्हणजे जोतीरामांना दिलं.

आतल्या दारातून रंगुबाईंचा आवाज आला, "फुटली व्हय रं सुपारी? आता गं बया. साखर आण जा कुनीतरी."

तुमच्या लक्षात आलंच असेल. पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावून, चार मोठ्यांच्या देखत नवऱ्या मुलाच्या आजोबाने सुपारी फोडली, म्हणजे लग्न पक्कं. आपल्याकडे त्याला कागद लागत नाही. मला कळेपर्यंत माझ्या तोंडात साखर होती, डोक्यावर टोपी होती आणि खांद्यावर टॉवेल. जोतीराम माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पाव्हणं, तुमी घासाघीस न करता, मुलगी बघून लगीच सुपारी फोडली. आशी मानसं ऱ्हायली न्हाईत." त्यांचे डोळे भरले होते. फक्त ती पोरगी रिकामा ट्रे घेऊन तशीच उभी होती आणि माझ्या पिशवीकडे बघत होती.

आता खरी लाज सांगतो. तोंडातली साखर काही जन्मभर पुरत नाही. ती विरघळल्यावर मला सांगता आलं असतं. पण एका फेटेवाल्यांनी मला दोन शब्द बोला म्हटलं, आणि मी उभा राहून चालीवर कविता म्हणालो. पूर्ण. दोन्ही फेटेवाले माना डोलावत होते. रंगुबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या. घरी मी पहिली ओळ म्हटली की टीव्हीचा आवाज वाढतो. तिथे लोकांनी दुसरी म्हणा म्हटलं. मी दुसरी म्हटली. लालासाहेब, एका पोरीचं आयुष्य आणि एका पोराचं आयुष्य मी दोन कवितांना विकून आलो.

घरी आलो तर अंबूबाईने आधी वास घेतला, मग मिशी बघितली, मग टोपी-टॉवेल. "चहाला गेलतासा न्हवं?" म्हणाली. मी सांगितलं. ती चुलीपुढे जाऊन बसली (गॅस आहे, पण रागावली की चुलीपुढे जाते) आणि तिथूनच तिच्या माहेरच्या, म्हणजे तुमच्या, सगळ्या देवांना हाका मारल्या. शिवतेज पुण्याहून फोनवर म्हणाला, "आजोबा, मी त्या मुलीचा फोटोसुद्धा बघितलेला नाही." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. सकाळी जोतीरामांचा फोन: "व्याहीबुवा, तारखेचं कसं करायचं?" मी म्हणालो, ऊस जाऊ द्या. म्हणजे तेही मी थांबवलं नाही, नुसतं लांबवलं.

नाही म्हणावं, तर सुपारी फुटून मोडलेलं लग्न त्या पोरीच्या नावाला चिकटेल. गाव विचारेल, मुलीत काय निघालं? काही निघालं नाही, निघालं ते म्हाताऱ्याच्या पिशवीत. आणि गप्प बसावं, तर आमचा पोरगा न बघितलेल्या मुलीशी बांधला जातो. दोन्हीकडे माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत. तुमच्याकडे मागणं काही नाही, मन हलकं व्हावं म्हणून लिहिलं. डोळ्याला जपा. थोरल्या म्हशीवरून हात फिरवा.

तुमचा,
तोंड दाखवायला जागा नसलेला,
हंबीरराव

ता. क. मागणं नाही म्हटलं ते खोटं. पट्टी निघाली असेल तर तेवढं पलूसला जाऊन या. जोतीरामांना सांगा, आमच्या दाजींचं डोकं अलीकडे ठिकाणावर नसतं, काय करतात त्यांचं त्यांना कळत नाही. गावात चार जणांपुढे मोठ्याने सांगा, म्हणजे मुलीला बोल लागणार नाही. मला वेडा ठरवायला माझी हरकत नाही. फक्त कविता वेडेपणात धरू नका.

ता. क. (बुधवार) पत्र टाकायला निघालो होतो, तेवढ्यात शिवतेजचा फोन आला. त्याने स्वतःच त्या मुलीला फोन केला होता. दोघं सांगलीत भेटली, चहा प्याली, आणि ती सरळ म्हणाली, "तुमाला कुनी इचारलं न्हाई, तसं मलाबी न्हाई. तुमचे आजोबा घाबरले होते, ते मला समोर दिसत होतं. पन आमच्या घरात एवढा आनंद झालेला मी कवाच बघितला नव्हता, म्हनून गप्प बसले." आणि तिने घरी जाऊन "मला हे लग्न करायचं नाही" असं वडिलांना सांगितलं. दोष स्वतःवर घेतला. शिवतेज म्हणतो, मुलगी चांगली आहे आजोबा. ते आता म्हणतो.

ता. क. म्हणजे पलूसला जाऊ नका. इकडे या. रविवारी जोतीराम येणार आहेत, रंगुबाईंना घेऊन, आमच्या पायावर डोकं ठेवायला. फोनवर त्यांचा आवाज फुटत होता: "पाव्हणं, पोरीनं माझी मान खाली घातली, तुमी दिलेली सुपारी मोडली." मी तेव्हा बोलायला हवं होतं. नुसता हं हं म्हणत राहिलो. ते वाकायच्या आत, रंगुबाईंच्या देखत, मला सगळं सांगायचं आहे: कुपी, अडकित्ता, साखर, आणि पोरीची काहीही चूक नाही. अंबूबाईने उपाय काढलाय. आज पहिल्यांदा बोलली. "पाव्हणं अंगनात आलं की ह्यांला भाईर ढकलते आन् आतनं कडी लावते. सांगून झाल्याबिगर उघडत न्हाई." पण तुमची बहीण तुम्हाला माहीत आहे. मी दार वाजवलं की ती विरघळेल. म्हणून तेवढ्यासाठी या. दाराला पाठ लावून आत बसा, आणि मी कितीही वाजवलं तरी तिला कडी काढू देऊ नका.