जाळीत अडकलेलं

सोमवार, ३
पोचले बाई एकदाची लेकीच्या गावी! मोटार खालीच थांबते, पुढे नुसती चढण. गुडघे कुरकुरले, पण मी कसली ऐकते. लेकीने ही वही हातात ठेवली. म्हणाली, आई, दिवसभर बोलतेस त्यातलं थोडं लिहीत जा, आमच्या कानांना सुट्टी. मी चार बुकं शिकलेली, पण लिहिते हो.
नात म्हणजे खडीसाखर. सारखी गोल गोल फिरते, म्हणून तिला भिंगरी म्हणतात. पण बसते विहीणबाईंच्या मांडीवर, त्यांच्या मऊ निळ्या शालीत. मी आणलेल्या बाहुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. असो. लहान आहे.

बुधवार, ५
इथवर सरकारी तारा आल्याच नाहीत. वीज गावाची स्वतःची! ओढ्याचं पाणी मोठ्या पाइपातून खाली सोडलंय, त्यावर चाक फिरतं आणि घरोघरी दोन दिवे लागतात. चाक जावईबापू बघतात. पाइपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. तिला पाला अडकला की पाणी कमी, पाणी कमी की गावभर दिवे मंद. दाताळ्याने तो पाला ओढायचं काम विहीणबाईंचं. जावई म्हणतात, यंत्र बसवणारे फोटो काढून गेले, चालतंय ते आईच्या दाताळ्यावर.
गाव त्यांना दिवेवाली आजी म्हणतं. मला म्हणतं पाहुणी.

शुक्रवार, ७
विहीणबाईंचा पाय मुरगळला. वाईट वाटलं, खरंच! पाय टेकवत नाही त्यांना. दाताळं मीच मागून घेतलं. त्यांनी खाटेवरून बजावलं, जाळीपाशी मन साफ ठेवा हो विहीणबाई, पाणी सगळं ऐकतं. मी म्हटलं, मग माझ्या बडबडीने ते आटूनच जायचं! सगळे हसले. भिंगरी तेवढी शालीत तोंड खुपसून.
पाला ओढताना मनात आलं, ती शाल माझी असती तर.

रविवार, ९
सकाळी दिवा मंदावला. जाऊन बघते तर पाल्यात निळी शाल! कोपऱ्यावरचं रफू ओळखीचं. घरातली वस्तू ओढ्यात आली कशी? वाळवून माझ्या ट्रंकेत ठेवली. देईन उद्या.
दुपारी भिंगरी त्या ट्रंकेपाशीच घोटाळत होती. मला तर आनंद मावेना.

मंगळवार, ११
विहीणबाई चष्मा लावून झरझर गोष्टी वाचतात, पोरगी हुंकार देत ऐकते. मला अक्षर अक्षर जोडावं लागतं. जाळीपाशी बसून जीव नुसता जळला माझा.
संध्याकाळी दिवा मंदावला. जाळीत चष्मा.
त्या उशाशी चाचपडत होत्या. मी बघत होते. दिला नाही.

गुरुवार, १३
शाल नाही, चष्मा नाही, तरी पोरगी त्यांच्याच खाटेवर. त्यांना काही लागतच नाही! जाळीपाशी उभी राहिले. मनात आलं, सगळं आलं, आता त्या तेवढ्या राहिल्या.

शुक्रवार, १४
दिवा काजव्याएवढा झाला. मी गेले. आधी केस दिसले. पांढरे. मग —
लोक म्हणतात, पाय घसरला. कसला घसरेल? खाटेवरून उतरता येत नव्हतं त्यांना.

रविवार, १६
भिंगरी माझ्या मांडीवर. हेच हवं होतं ना मला.
शाल जाळून टाकली. जावयांना म्हटलं, जाळी नको माझ्याकडे. ते म्हणाले, आई गेली, आता तुम्हीच. गाव मला दिवेवाली आजी म्हणू लागलंय.

मंगळवार, १८
आजारी असल्याचं सांगितलं. दाताळं लेकीने घेतलं. मी जाळीकडे फिरकत नाही. कुणाचं काही बघत नाही. मन कोरं ठेवते. ओढा घरातही ऐकू येतो. पूर्वी येत नव्हता.

बुधवार, संध्याकाळ
लेक जाळीकडे गेलीय. भिंगरी रडतेय. मला ढकललं. तू नको म्हणाली. आई हवी. आई, आई —
पोटची पोर माझी. तिच्यावर कशी जळेन मी? नाही. नाहीच. एवढंसं आलं मनात. आल्या आल्या पुसलं —
लेकीला हाका मारल्या. ओ नाही.
दिवा कमी होतोय. पाला असेल. पाला असू दे. नुसता पा