धवला आणि पाण्याची गोळी

मोरिवली, अंबरनाथ

प्रिय दिनानाथ यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा हरिचंद्र याचा मोरिवलीहून रामराम. तुझं बीपी ठिकाणावर असेल, घरातली सगळी ठणठणीत असतील आणि लेकीच्या, उन्नतीच्या लग्नाच्या धावपळीत तू निदान वेळेवर जेवत असशील, असं धरून चालतो. इकडे आम्हीही खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं, म्हणून लिहिलं. पुढचं वाचलंस की त्यात किती दम आहे ते कळेल.)

मोरिवलीहून चिखलोलीला पत्र पाठवणारा माणूस डोक्याने गेलेला असणार, असं तू म्हणशील. रिक्षात बसलं की तुझं घर. पण फोन करावा तर इकडे तुझी बहीण वेणू कान देऊन उभी असते, आणि तिकडे तू फोन कानाला न लावता स्पीकरवर टाकून ओट्यावर बसतोस, म्हणजे आमच्या घरातली गोष्ट निम्म्या चिखलोलीला कळते. तुमच्याकडे स्टेशन होणार म्हणतात, ते झालं की येईन समोरासमोर बोलायला. तोवर ही चिठ्ठी तुझ्या हितेशच्या हाती देणार आहे. आनंदनगरच्या कंपनीतून सुटला की तो माझ्याकडे चहाला थांबतो. (मुलगा चांगला आहे. बापावर गेलेला नाही.)

विषय उन्नतीच्या हळदीचा आहे. तू आता एक दिवस नारळ-सुपारी घेऊन येशील आणि आपल्या बहिणीला म्हणशील की बाय, पोरीच्या हळदीला धवला तूच गायचा. तो तुझा हक्क आहे. भटजी आले, डीजे आले, तरी आपल्या आगऱ्यांच्या मांडवात धवलारणीने एकेका देवाला नाव घेऊन बोलावल्याशिवाय पोरीला हळद लागत नाही, आणि वेणूइतके देव ह्या पंचक्रोशीत कुणाला तोंडपाठ नाहीत. तुझ्या लग्नातही तिनेच गायलं होतं. पण तू येण्याआधी तिचं काय झालं ते सगळं तुझ्या कानावर असावं. तुम्हाला आम्ही फक्त ‘जरा दम लागला होता’ एवढंच कळवलं, तेही तिच्या हुकमाने.

आधी तिच्या दुखण्यांचं सांगतो. साखर जुनीच. तिच्या मागोमाग बीपी, मग थायरॉइड, मग दमा, आणि आता हृदय, जे डॉक्टरांच्या भाषेत ‘थोडं थकलंय’, जसं काही ते कंपनीत ओव्हरटाइम करून आलंय. एकच दुखणं असतं तर माणूस त्याच्याशी जमवून घेतो. पण ही पाहुण्यांसारखी एकामागून एक आली आणि प्रत्येकाने येताना आपापला डॉक्टर सोबत आणला. साखरेवाला उल्हासनगरला, हृदयवाला बदलापूरला, छातीवाला अंबरनाथलाच पण रूळांच्या पलीकडे. सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी, आणि तिच्यावर तासभर चहा नाही. चहा नाही म्हणून वेणूचं डोकं चढतं, आणि ते चढलेलं असताना बीपी मोजायचं नाही, हा नियम माझा. मग साखरेची जेवणाआधी, बीपीची जेवणानंतर, मग दम्याचा पंप ओढायचा, पंप ओढला की चूळ भरायची. एक डॉक्टर म्हणतो रोज चाला, दुसरा म्हणतो दमू नका. एक म्हणतो पाणी भरपूर प्या, दुसऱ्याने बाटली आखून दिली आहे आणि वर अंगातलं पाणी काढायची गोळी दिली आहे, सकाळी एक, दुपारी एक. ती घेतली की हिला धड भाकरी थापता येत नाही, तवा गॅसवर आणि ही मोरीत. खारं बंद, सुकट बंद, लोणचं बंद. ज्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या मिठागरं राखली त्या घराण्यातल्या लेकीला चिमटीने मीठ मोजून द्यावं लागतं. उल्हासनगरच्या मेडिकलवाल्या साईंनी एकदा आमच्या सगळ्या चिठ्ठ्या काउंटरवर मांडल्या, टक लावून बघितल्या आणि मला म्हणाले, “काका, आप ही दुकान खोल लो.” मी हसलो. वेणू हसली नाही, ती बाकड्यावर बसून पाय दाबत होती.

अशात एक दिवस पायल नावाची मुलगी दारात आली. डॉक्टर आहे, उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलातून संशोधनासाठी फिरते. तिचं काम असं की ज्यांना एकाहून जास्त जुनी दुखणी आहेत त्यांच्याकडे जायचं आणि दुखण्याचं नव्हे, तर उपचारांचं ओझं मोजायचं. गोळ्या, फेऱ्या, तपासण्या, पथ्यं ह्यांच्याखाली माणूस किती वाकलाय ते मोजायचं. दिनानाथ, मला गहिवरूनच आलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवात करणार, तर कळलं की प्रश्न वेणूला आहेत.

आणि वेणूला तू ओळखतोस. उन्हातून चालत आलेली दुसऱ्याची लेक, तिच्यापुढे आपलं रडगाणं गायचं? दारी आलेल्या माणसाला आपण बरे आहोत असंच सांगायचं असतं, हे तुम्हा भावंडांना पाळण्यात शिकवलेलं. तिने आधी मुलीला पाणी दिलं, मग चहा, मग तांदळाची तळलेली गोड बोरं, आणि मग एकेका प्रश्नाला निकालात काढलं. डॉक्टरांकडच्या फेऱ्यांचा त्रास होतो का? छे, तेवढंच फिरणं होतं. पथ्याचा? कसला त्रास, आहे ते गोड मानायचं. (हे सांगताना ती माझ्या ताटातल्या बोंबलाकडे बघत होती.) औषधं लक्षात ठेवायचा? तिने माझ्याकडे हात केला, जसं काही मी भिंतीवरचं कॅलेंडर. मी खाकरलो, तर मला विचारलं की तुम्हाला पण पंप हवाय का.

झालं असं की पायलच्या सगळ्या यादीत सर्वांत कमी ओझं वेणूचं निघालं. एवढी दुखणी आणि ओझं जवळजवळ नाहीच, ह्याचं तिच्या मोठ्या डॉक्टरांना फार कौतुक वाटलं. त्यांनी निरोप धाडला की जुन्या रुग्णांसाठी हॉस्पिटलच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, बाईंनी येऊन चार शब्द सांगावेत, हे सगळं कसं सांभाळता ते. म्हणजे नापास व्हायच्या लायकीच्या पोरीला शाळेने बक्षीस समारंभाला बोलावलं. मी म्हटलं, खरं सांगून टाक. ती म्हणाली, आता बोलावलंय तर जाऊन येऊ.

धवल्याला नेसते ते हिरवं लुगडं नेसून ती गेली. स्टेजवर खुर्ची, हातात गुच्छ, समोर आपल्यासारखेच सुजलेल्या पायांचे लोक. आधी बाकीच्यांची भाषणं झाली आणि ती लांबली. (आरोग्यावर बोलणाऱ्या माणसाला ऐकणाऱ्याच्या कमरेची दया नसते.) वेणूचा नंबर आला, ती उठली, नमस्कार केला, दोन वाक्यं बोलली आणि तिसऱ्याला तोंड उघडून तशीच राहिली. आवाज नाही. ओठ जांभळे. मी स्टेजवर कसा चढलो ते मला आठवत नाही. ज्या डॉक्टरांनी गुच्छ दिला होता त्यांनीच तिच्या नाकाला ऑक्सिजन लावला. छातीत पाणी भरलं होतं. गुच्छ मी हातात धरून आयसीयूच्या दारापर्यंत गेलो, तिथल्या नर्सने तो बाहेर ठेवायला सांगितला.

वॉर्डात आणल्यावर उलगडा झाला. स्टेजवर बसून राहायचं म्हणून हिने आधीचे दोन दिवस पाण्याची गोळी घेतलीच नव्हती. आणि ही पहिली वेळ नव्हे. तुळशीचं लग्न झाल्यापासून जेवढ्या हळदी गायली, तेवढ्या वेळा गोळ्या पदराच्या गाठीत लपवून नंतर फेकून दिल्या. सकाळी मांडव, संध्याकाळी हळद, म्हणजे दोन्ही गोळ्या आड येतात. मी समोर उभं राहून गोळी हातावर ठेवायचो, ती तोंडाकडे न्यायची, आणि मला वाटायचं काम झालं.

पायल भेटायला आली होती. तिने ह्या वेळी हातातला टॅब पिशवीत टाकला, खाटेवर बसली आणि विचारलं की आजी, मला का नाही सांगितलं. वेणू छताकडे बघत बोलली. (लिहू नये, पण ती बोलली ते असंच.)

“मांडवान मी एकेकाला नाव घेऊन बोलावतंय. या, बसा, पोरीला हलद लावा. देव येवाला लागलं आन मी मुताला उठू? त्यांना सांगू, थांबा जरा?”

पायलने वेणूचा हात धरला. वेणू म्हणाली, “बाकीचा सगला सोसतंय मी, पोरी. धवल्यासाठीच सोसतंय.”

पायल लगेच जाऊन मोठ्या डॉक्टरांशी भांडून आली. हळदीच्या दिवशी सकाळची गोळी पहाटे घ्यायची आणि दुपारची रात्री घरी आल्यावर, एवढी मुभा मिळाली. रात्र मोरीत जाईल, पण हळदीच्या रात्री झोपतं कोण? मी खूश झालो. तेवढ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गोळीची वेळ बदलता येईल, म्हणाले, पण हे हृदय आता तासन् तास गाण्याचं राहिलेलं नाही. मांडवातला धूर, गर्दी, जागरण, आणि वर श्वास ओढून गाणं. पुन्हा असं पाणी भरलं तर आम्ही काढू शकूच असं नाही. मी मान डोलावली. डॉक्टरांपुढे मान डोलावण्याची मला सवय आहे.

दिनानाथ, मी घाबरलोय. दिवसभर आम्ही भांडतो, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण ती वॉर्डात होती तेव्हा घरी येऊन मी चहा केला आणि तासभर थांबलो, तिची थायरॉइडची गोळी झालेली नाही म्हणून. चहा निवून गेला. मला तिच्याशिवाय हे घर नको आहे.

असो. कळवायचं ते कळवलं. मनावर घेऊ नकोस, लग्नघर आहे. माझं काही मागणं नाही. उन्नतीला आशीर्वाद, हितेशला म्हणावं शिफ्टमध्ये डबा वेळेवर खा, आणि फोन जरा कानाला लावत जा.

तुझा भावोजी,
हरिचंद्र

ता. क. मागणं आहे. नारळ-सुपारी घेऊन येऊ नकोस. तुमच्या चिखलोलीच्या सगुणाबाईला गायला सांग. तिचा आवाज कोरडा आहे, पण बाई सरळ आहे. वेणूला मी आजच सांगून टाकलंय की मुलाकडची बदलापूरची माणसं नव्या वळणाची आहेत, त्यांना धवला नको, नुसता डीजे हवा. तू फक्त हो ला हो कर. व्याह्यांना थोड्या शिव्या बसतील, पण लग्नात त्या कुणाला तरी बसतातच. निदान वेणू राहील.

ता. क. दुसरा. हितेशची शिफ्ट बदलली, चिठ्ठी माझ्याकडेच पडून राहिली, ते बरंच झालं. वरचा ता. क. रद्द समज.

मला वाटलं होतं वेणू चिडेल, व्याह्यांचा उद्धार करेल, निदान तुझा तरी करेल. तिने काही केलं नाही. हिरवं लुगडं घडी करून पेटीत खाली ठेवलं आणि म्हणाली, “मंग आता गोल्या येलेवर घेतंय. मना कुठं बसाचा हाय?” तेव्हापासून सगळ्या घेते. मी हाक मारायच्या आधी हात पुढे करते. मीठ मागत नाही, चहासाठी भांडत नाही, माझ्या बोंबलाकडे बघत नाही. डॉक्टरांना हवी होती तशी झाली आहे. घरात बसवत नाही, दिनानाथ.

काल पायल ओझं मोजायच्या दुसऱ्या खेपेला घरी आली. सगळे प्रश्न तेच. ह्या वेळी वेणूने चहा विचारला नाही आणि सगळं खरं सांगितलं. हो, फेऱ्या जड होतात. हो, पथ्य नको वाटतं. हो, रोज सकाळी वाटतं की पुरे झालं. औषधं तीच, डॉक्टर तेच, आखलेली बाटली तीच, आणि ओझं यादीत सगळ्यांच्या वर. पायल मला अंगणात घेऊन आली आणि विचारलं, आजोबा, मधे काय वाढलं? मी तिला सांगितलं की वाढलं काही नाही, मी एक गोष्ट काढून घेतली. ती म्हणाली, गायला द्या असं मी डॉक्टर म्हणून सांगू शकत नाही. मग निघायचं सोडून परत आत वेणूपाशी जाऊन बसली.

तेव्हा तू ये. नारळ-सुपारी घेऊन ये, आणि वेणूसमोर मला खोटा पाड. म्हण की भावोजींनी मनाने रचलं, व्याही तर धवल्यासाठी अडून बसलेत. मी मान खाली घालून ऐकेन. वेणूची खुर्ची मांडवाच्या दाराशी ठेव, जेवणाचं चुलवण लांब, धूर तिच्याकडे येणार नाही असं, आणि हितेशला म्हणावं गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेव. सगुणाबाईला तिच्या मागे बसव. तिच्याशी माझं बोलणं झालंय. वेणूचा दम कमी पडेल तिथे ती गाणं उचलेल, मधे खंड पडणार नाही.

ता. क. तिसरा. हे फक्त तुझ्यासाठी, उन्नतीला कळू देऊ नकोस. गाता गाता वेणूला काही झालंच, तर हळद थांबवू नकोस. देव आलेले असतील, पोरगी पाटावर असेल, सगुणाबाई पुढचं म्हणेल. मी वेणूला घेऊन बाहेर पडेन. तू माझ्यामागे उठू नकोस, तुझ्या हाताला पोरीची हळद लागलेली असेल.