निसटलेलं लिंबू

आई, आज दसरा आहे. सकाळची पहिली फेरी गाड्या घेऊन खाली धरणाकडे गेलीय आणि मी शेडमध्ये तेलाच्या डब्यावर बसून तुला लिहितोय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझी नात आता कॉलेजात आहे आणि तू तिचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाहीस. तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही, एकाच खोलीत तर राहायचो आपण. पण आज हात रिकामे आहेत आणि जीव थाऱ्यावर नाही.

नाशिकचं गॅरेज सोडून मी परत आपल्या इगतपुरीला आलो. इथल्या एका दादांनी डोंगरावरच्या भाताच्या खाचरांत रिसॉर्ट काढलंय. शहरातली माणसं येतात आणि एटीव्हीवर बसतात. हँडल मोटारसायकलचं, पण चाकं चार, चांगली जाडजूड. चिखलातून, दगडधोंड्यांवरून आदळत जायचं आणि वर पुन्हा हसायचं! तू म्हणाली असतीस, यांना घरी काही कामं नाहीत का गं बाई. त्या गाड्या धड ठेवायचं काम माझं. आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यात पुढची गाडी चालवून पाहुण्यांना वाट दाखवायचं काम तुझ्या नातीचं.

काल खंडेनवमी होती. सगळे पाने, हातोड्या, जॅक धुऊन पुसून पाटावर मांडले. मधोमध तू मला पहिल्या नोकरीला दिलेला पान्यांचा सेट. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. गाड्यांना हार घातले, नारळ फोडला आणि प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवलं. पोरगी आपल्या गाडीवर बसली आणि हळूच पुढे घेतली. तीन लिंबं फटाफट फुटली. पुढच्या डाव्या चाकाखालचं नाही फुटलं. चाक वरून जरा कललं, टक् असा आवाज झाला आणि लिंबू बाजूला निसटून अख्खंच्या अख्खं घरंगळत गेलं.

स्वयंपाकघरातल्या मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बरं नाय हे." दादा मोठ्याने हसले. "अहो, लिंबूच निब्बर होतं ते. दुसरं ठेवा!" दुसरं ठेवलं, चांगलं खाली दाबून ठेवलं, तिने गाडी जोरात घेतली आणि ते फुटलं. टाळ्या पडल्या, पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊन तसाच उभा होतो, कारण तो टक् माझ्या कानातून जात नव्हता.

पांगापांग झाल्यावर जमिनीवर बसलो आणि ते चाक वरून-खालून धरून हलवलं. टक्, टक्. पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन सांधे धरून ठेवतात, बॉल जॉइंट म्हणतात त्यांना. आपल्या खुब्यासारखंच, वाटीत गोळा. वर रबराची टोपी असते. ती फाटली की पावसाळाभर चिखलपाणी आत जातं, ग्रीस वाहून जातं आणि वाटी झिजते. झिजता झिजता एक दिवस गोळा बाहेर येतो आणि चाक मुडपून पडतं. आमच्या वाटेला एका बाजूला सरळ दरी आहे, आई.

दादांना गाठलं. म्हटलं, नवे जॉइंट कपाटात पडलेत, आत्ता बसवतो. ते जेवायला घरी निघाले होते. "मिस्तरी, पूजेतल्या हत्याराला हात लावता? वर्षाचा सण हाय. उद्या दुपारी करा सावकाश." मग ती गाडी उद्या उभी ठेवू का? "उभी कशी ठेवणार? सगळ्या बुक झाल्यात." आणि वाईट माणूस नाही गं तो. त्यांना खरंच वाटत होतं, की दुसरं लिंबू फुटलं म्हणजे विषय संपला.

खरं सांगू का, त्यांनी नाही म्हटल्यावर मला आतून सुटल्यासारखंच वाटलं. शेडमध्ये येऊन पाटासमोर उभा राहिलो, पण हात पुढे होईना. मला तुझं शिलाई मशीन दिसत होतं. मी लहान असतानाच्या त्या खंडेनवमीला मशीनवर फुलं होती आणि बाबांना अचानक ड्युटीचं बोलावणं आलं. त्यांच्या खाकी शर्टाची बाही उसवलेली. तू घटकाभर थांबलीस, मग मशीनवरचं फूल उचलून बाजूला ठेवलंस आणि बाही शिवून दिलीस. दिवाळीनंतर बाबा तापाने गेले. डॉक्टर म्हणाले कावीळ. तू कुणाला काहीच म्हणाली नाहीस, पण पुढे दरवर्षी आदल्या दिवसापासूनच मशीन कापडात बांधून ठेवायचीस. आणि एकदा त्याच दिवशी मी रेडिओ उघडायला स्क्रू ड्रायव्हर उचलला, तर तू फाडकन माझ्या हातावर मारलंस. आयुष्यात एवढं एकदाच मारलंस. हात मी चोळत होतो आणि रडत तू होतीस.

हे सगळं डोक्यात चाललेलं असताना पोरगी प्रसादाची वाटी घेऊन आली. माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं. म्हणाली, "पप्पा, ती गाडी खराब आहे ना?" म्हटलं, तू उद्या जाऊच नकोस. "मग माझ्या जागी कोण बसणार? एखादा पाहुणाच ना?" तिला तुझ्या मशीनची गोष्ट माहीत आहे. "आजीचं मनावर घेऊन बसलात होय? सरका, मी उचलते. बदलायचं कसं तेवढं सांगा." आणि तिने वाकून सरळ पान्याला हात घातला.

मी फाडकन तिच्या हातावर मारलं. अगदी तुझ्यासारखं. ती बघतच राहिली. तिच्या हाताला तो दोष लागू नये एवढंच मला त्या क्षणी कळत होतं. पुढे मी काय केलं ते मलाच नीट आठवत नाही. पाटावरचं फूल बाजूला ठेवलं आणि पाना उचलला.

गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं. पिन सरळ करून ओढली, नट सोडला आणि अडकलेला सांधा सुटावा म्हणून कडेला हातोडीचे घाव घातले. खालचा जॉइंट जाम हटून बसला होता, घामाघूम केलं त्याने. वरचा मात्र हातात घेतला आणि गोळा वाटीतून आपोआप माझ्या तळहातावर आला. ओढलासुद्धा नव्हता. वाटीत नुसती लाल माती. पोरीला दाखवला, तशी ती कपाटातून नवे जॉइंट घेऊन आली. ते व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दाबून बसवले, लॉक रिंगा घातल्या, नट आवळले, नव्या पिना टाकल्या. मग उजवीकडचेही बदलले. उजेड होता तोवर काम आटोपलं आणि पाने पुसून होते तसेच पाटावर ठेवले. फूलसुद्धा.

हे लिहितोय तोवर खालून गाड्यांचा आवाज यायला लागलाय. उठून पाहिलं. सगळ्यात पुढे तीच आहे, चिखलाने माखलीय, मला हात करतेय. चाक सरळ चाललंय, जराही कलत नाही. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण आई, बाबाही त्या दिवशी ड्युटीवरून सुखरूप घरी आले होते. पोटभर जेवले होते.

दिवाळी उलटून जाईपर्यंत मी तिला शिंकूसुद्धा देणार नाही बहुतेक. हा कागद आता तेलकट हात पुसायला घेईन, तुला पाठवायचा तरी कुठे? एकच सांगायचं राहिलं. काल पाना उचलताना मी डोळे मिटून म्हटलं, हे मी करत नाही, माझी आई करतेय, काय लागायचं ते तिला लागू दे. पोरीचं नाव घेववेना आणि स्वतःचं घ्यायची हिंमत झाली नाही. वाटलं, तू हे आधी एकदा सोसलंयस, तुला सवय आहे.