धूर धुणारी गोळी

प्रिय बाबा,

आज काशिनाथकाका दुकानात आला, तुझ्या कंपनीतला, तुझ्याच पाळीतला. काउंटरवर हात टेकून म्हणाला, "पोरी, तुजा बाबा खायचा ती धूर धुवायची गोली दे. त्यानंच सांगितली होती मला." तोंडाला बिडीचा वास. तू जाऊन चार महिने झाले आणि तुझा सल्ला अजून बोईसरमध्ये फिरतोय. म्हणून हे पत्र.

ती गोळी मीच आणली होती, तुझ्या बिड्यांच्या काळजीनं. झिंक आणि सेलेनियमची. औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी, मोठी शहाणी! पाकिटावर 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेलं. "म्हंजे काय?" तू विचारलंस. कंपनीत पाळी सुटताना तुम्हाला धुळीवर उतारा म्हणून गुळाचा खडा द्यायचे. मी म्हटलं, "तुमच्या गुळासारखीच, बाबा. धूर धुऊन काढते." वाटलं, निदान घेशील तरी.

घेतलीस. आणि बिड्या वाढवल्यास. आई ओरडली की म्हणायचास, "गोली खाल्ली हाय ना, आता काय नाय होत." गूळ खाऊनही तू दुसऱ्या दिवशी त्याच धुळीत जायचास. गोळी खाऊनही तू बिडी ओढतच राहणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाय सुजले, तर तेही कामावरच्या उभं राहण्यावर ढकललंस. पालघरच्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, बिडीच्या धुरातला कॅडमियम नावाचा विषारी धातू किडनीत साठत जातो. गोळीतली खनिजं शरीराला थोडा हातभार लावतात, पण रोज धूर ओतत राहिलात तर ती कुठे पुरणार? तू मान खाली घालून ऐकलंस. बाहेर आल्यावर म्हणालास, "तू तर गुलासारखी हाय म्हनलीस."

पुढे किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डायलिसिसला जाता-येता तो विषय पुन्हा काढला नाहीस. काढला असतास तर भांडता तरी आलं असतं. मी चुकीचं सांगितलं, कबूल. पण तुला हवं तेवढंच तू का रे धरून ठेवलंस? आई रोज "बिडी सोड" म्हणायची, ते कसं ऐकू आलं नाही?

आज काकाला गोळी दिली नाही. म्हटलं, "बाबा ती खात खातच गेला." तो म्हणाला, "मंग तू त्याला कशाला दिलीस?" दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर सगळं सांगितलं.

यापुढेही तुझं नाव घेऊन जो येईल, त्याला सांगेन. आधी माझी चूक, मग तुझी. तुझी गाळणार नाही, बाबा.

तुझी,
सुनंदा
सालवड